अंकी रिव्ह्यू: शिक्षकाशिवाय जपानी शिकताय तर हे लागेलच, पण नुसत्या यावर भागणार नाही

निकाल आधीच सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचायची गरज नाही. अंकी (आयफोन सोडला तर) फुकट आहे, दिसायला अगदीच भिकार आहे, सुरुवातीला डोकं खातं, आणि तरीही क्लास न लावता एकट्याने जपानी शिकणाऱ्यासाठी याच्याइतकं कामाचं दुसरं काही मला सापडलेलं नाही. अट एकच, कार्डं स्वतः बनवायची आणि जमेल तितकी मराठीत बनवायची. दुसऱ्याचा तयार डेक (कार्डांचा गठ्ठा) उतरवून घेऊन रोज नुसती बटणं दाबत बसलात तर आकडे मस्त दिसतील, पण समोर साधं वाक्य आलं की फेफे उडेल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: अंकी म्हणजे फ्लॅशकार्डचं सॉफ्टवेअर. पुढच्या बाजूला प्रश्न, मागच्या बाजूला उत्तर. उत्तर तुम्ही मनात द्यायचं, कार्ड उलटायचं आणि आठवलं की नाही ते स्वतःच प्रामाणिकपणे सांगायचं. त्यासाठी चार बटणं आहेत, अगेन, हार्ड, गुड, ईझी. त्यावरून ते ठरवतं की हे कार्ड उद्या दाखवायचं, आठवड्याने की चार महिन्यांनी. माणूस पाठ केलेलं कसं कसं विसरत जातो हे एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने १८८५ मध्येच मांडून ठेवलंय, विसरायच्या जरा आधी परत बघितलं की ते जास्त टिकतं, एवढाच सगळा खेळ. अंकीचं जुनं गणित १९८७ च्या सुपरमेमो या सॉफ्टवेअरच्या एसएम-२ वरून आलेलं, आणि २०२३ पासून एफएसआरएस नावाचं नवीन गणित आत आलंय जे तुमच्याच उत्तरांवरून तुमचा विसरण्याचा वेग ओळखतं. सेटिंगमध्ये जाऊन ते चालू करा आणि विसरून जा. आणि हो, डेमियन एल्म्स या प्रोग्रामरने अंकी २००६ मध्ये बनवलं तेच मुळात स्वतःच्या जपानीच्या अभ्यासासाठी, नंतर डॉक्टरकीचे विद्यार्थी वगैरे सगळे त्यात घुसले.

आता जपानीलाच याची एवढी गरज का? कारण आपण हिंदी, गुजराती, बंगाली शिकायला घेतली की निम्मे शब्द ओळखीचे निघतात. जपानीत 'तेरेबी' (टेलिव्हिजन), 'पासोकोन' (पर्सनल कॉम्प्युटर) असले इंग्रजीवरून घेतलेले शब्द सोडले तर धरायला काठच नाही, प्रत्येक शब्द शून्यापासून. त्यात कांजी, म्हणजे चिनीतून घेतलेली, अर्थ सांगणारी अक्षरं. रोजच्या वापरासाठी सरकारने ठरवलेल्या जोयो कांजी २१३६ आहेत (२०१० मध्ये सुधारलेली यादी), आणि एका कांजीचा उच्चार एकच असेल तर ती कांजी कसली! 'जीवन, जन्म' या अर्थाची एक अगदी सोपी पाच रेघांची कांजी आहे, ती 'सेन्सेइ' मध्ये सेइ होते, 'इश्शो' मध्ये शो, 'इकिरु' मध्ये इ, 'उमारेरु' मध्ये उ, आणि एकटी उभी असली तर नामा म्हणजे कच्चं. हे नियमाने लक्षात राहत नाही, शब्दागणिक पाठच करावं लागतं, आणि पाठ केलेलं कुठलं कधी उजळायचं याचा हिशोब शिक्षक नसेल तर कोणीतरी ठेवायला हवा. अंकी हा हिशोब ठेवणारा मुनीम आहे, धंदा तुम्हालाच करायचाय.

हिरागाना-काताकाना या जपानीच्या दोन उच्चारी लिप्यांसाठी मात्र अंकीची फार गरज नाही. आपल्याला त्यांची मांडणी आयतीच मिळालेली आहे. ४६ मूळ अक्षरं, आणि क्रम बघा, अ इ उ ए ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व. ओळखीचं वाटतंय ना? बौद्ध भिक्षूंनी सिद्धम् लिपीबरोबर आपली वर्णमालेची मांडणी तिकडे नेली त्यातून हे आलं. 'ह'ची ओळ 'म'च्या आधी काय करतेय असा प्रश्न पडला असेल तर, तो ह फार पूर्वी प होता, म्हणून तो पवर्गाच्याच जागेवर बसलाय. हे कळलं की तक्ता पाठ करणं राहत नाही, नुसती चित्रं ओळखायची उरतात. हाताने लिहा, संपवा, पुढे चला.

उच्चारातही मराठी माणसाला बराच फायदा आहे, जो कुठल्याच इंग्रजी पुस्तकात लिहिलेला नसतो. 'त्सु' म्हणताना इंग्रजीवाले घाम गाळतात, आपण 'चूक' मधला च रोज म्हणतो. शिंबुन, गिंको, कांजी यातला अर्धा न पुढच्या अक्षराप्रमाणे बदलतो, तो आपला अनुस्वारच. जोडाक्षरं आहेत, त्यामुळे 'किते' आणि 'कित्ते' यातला फरक कोणी शिकवावा लागत नाही.

पण इथेच पहिला खड्डा आहे. आपल्या लिपीत ए आणि ओ यांना ऱ्हस्व-दीर्घ नाही. 'कोको' म्हणजे इथे, आणि दोन्ही ओ लांब ओढले तर तेच हायस्कूल होतं, आता हे दोन्ही देवनागरीत लिहा बरं, दोन्ही कोकोच. 'तोरु' म्हणजे घेणे, पहिला ओ लांबवला की मधून जाणे, पार होणे. म्हणून कार्डाच्या पुढच्या बाजूला देवनागरी उच्चार लिहायची सवय मुळीच लावू नका. (इथे मी लिहितेय कारण सगळ्यांना वाचता यावं, कार्डावर चालणार नाही.) पुढे जपानी लिपी आणि आवाज, मागे मराठी.

मराठीच का, इंग्रजी का नाही, हा या रिव्ह्यूमधला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. फुकटात मिळणारे जवळपास सगळे गाजलेले डेक मागे इंग्रजी अर्थ घेऊन येतात. काइशी १.५के नावाचा दीड हजार शब्दांचा डेक हल्ली सगळे नवशिक्यांना सुचवतात, डेक चांगलाय, वाक्यं आहेत, आवाज आहेत. पण तुम्ही जपानीतून इंग्रजीत जाता, इंग्रजीतून मनात मराठीत येता, आणि या दोन उड्यांमध्ये जपानीचा सगळा बाज बिघडतो. एक नमुना देते. 'ताबेते मिरु', ताबेते म्हणजे खाऊन, मिरु म्हणजे बघणे. खाऊन बघ! 'काइते ओकु', ओकु म्हणजे ठेवणे, तर लिहून ठेव. 'ताबेते शिमाउ' साठी इंग्रजी व्याकरणात अर्धं पान खर्ची पडतं की क्रिया पूर्ण झाली आणि कधीकधी पश्चात्ताप वगैरे, आपल्याकडे ते खाऊन टाकलं, संपलं. 'मोत्ते कुरु' घेऊन ये, 'मोत्ते इकु' घेऊन जा. 'किनो कात्ता होन' म्हणजे काल घेतलेलं पुस्तक, त्याच क्रमाने, शब्दाला शब्द, मध्ये कुठलाही 'जे' किंवा 'की' न घालता. एकदा मागच्या बाजूला मराठी लिहायला लागलं की व्याकरणाचे धडेच्या धडे दोन-दोन शब्दांच्या कार्डात मावतात. इंग्रजीवाल्यांना क्रियापद शेवटी ठेवायचंच टेन्शन, आपण तर जन्मापासून तिथेच ठेवतोय.

सगळीकडे असं गोडीगुलाबीचं नाहीये पण. 'लिहून दे' म्हणताना आपण एका 'दे' वर भागवतो, जपानीत तुम्ही दुसऱ्याला लिहून दिलं तर 'आगेरु' आणि दुसऱ्याने तुम्हाला लिहून दिलं तर 'कुरेरु', चुकीचं लावलं तर उपकार कोणी कोणावर केले तेच उलटं होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे आपली सप्तमी. लायब्ररीत आहे, लायब्ररीत अभ्यास करतो, आपल्याला दोन्हीकडे 'त' पुरतो. जपानीत असण्याच्या जागेला 'नि' आणि काहीतरी करण्याच्या जागेला 'दे'. तोशोकान नि इमासु, तोशोकान दे बेंक्यो शिमासु. मराठी डोक्याला हा फरक दिसतच नाही कारण आपल्या भाषेने तो कधी मागितलाच नाही. शब्दाचं कार्ड कितीही वेळा बरोबर आलं तरी ही चूक तशीच राहते, कारण 'तोशोकान = लायब्ररी' हे कार्ड तुम्हाला 'नि' की 'दे' असं कधी विचारणारच नाही. इलाज आहे, अंकीत क्लोझ नावाचा कार्डाचा प्रकार आहे, अख्खं वाक्य टाकायचं आणि त्यातला नेमका तो प्रत्यय झाकायचा. असल्या रिकाम्या जागांची कार्डं मला एकेका शब्दाच्या कार्डापेक्षा कितीतरी जास्त उपयोगी वाटतात. पण 'नि' आणि 'दे' मधला फरक पहिल्यांदा समजावून सांगायला अंकी येणार नाही, ते दुसरीकडून शिकूनच यावं लागतं, न समजलेली गोष्ट पाठ करायला ते तुम्हाला तितक्याच निष्ठेने मदत करेल ही त्याची खोड आहे.

ते दुसरीकडे म्हणजे कुठे? जपान फाउंडेशन या संस्थेचं इरोदोरी हे पाठ्यपुस्तक २०२० मध्ये आलं, पीडीएफ आणि ऑडिओ दोन्ही त्यांच्या साइटवर अधिकृतपणे फुकट आहेत, जपानात राहायला-कामाला जाणाऱ्यांसाठी बनवलंय त्यामुळे संवाद दुकान, कामाची जागा, दवाखाना असले कामाचे आहेत. शिक्षक नसलेल्या माणसाला पहिला आधार म्हणून मी तेच सुचवेन. तिथे धडा करायचा, ऑडिओ ऐकायचा, आणि त्यातलं जे अडलं तेवढंच अंकीत टाकायचं. जे अडलंच नाही ते कशाला टाकताय?

आता थोडं सेटिंगबद्दल, कारण निम्मी माणसं इथेच गळतात. इन्स्टॉल केल्यावर ते रोज २० नवीन कार्डं दाखवायला तयार बसलेलं असतं. पहिल्या दिवशी २० म्हणजे काहीच नाही वाटतं, पण जुनी कार्डं परत येत राहतात ना, काही आठवड्यांत रोजचा ढीग शंभराच्या पार जातो, मग एक दिवस चुकतो, दुसऱ्या दिवशी डबल, आणि तिसऱ्या दिवशी माणूस आयकॉनकडे बघत पण नाही. सात-आठवर आणा. कमी वाटलं तरी आणा. दुसरं, हार्ड हे बटण 'आठवलं पण कष्टाने' यासाठी आहे, 'नाही आठवलं' यासाठी अगेन आहे. विसरलेल्या कार्डाला लाजेकाजेस्तव हार्ड दाबत राहिलं की सगळं गणित बिघडतं, त्याला वाटतं तुम्हाला येतंय. समोर बाई नाहीयेत हो, कोणाला दाखवायचंय?

एखादं कार्ड आठ वेळा विसरलं की अंकी त्यावर 'लीच' अशी खूण मारतं, म्हणजे जळू, रक्त पिणारं कार्ड. अशा कार्डांशी कुस्ती खेळत बसू नका. बहुतेक वेळा ते कार्ड वाईट नसतं, त्याचा जुळा भाऊ डेकमध्ये असतो. कांजींमध्ये हे फार चालतं. उजवीकडे देवळाची खूण आणि डावीकडे हाताची, ती धरणे. तेच देऊळ पण डावीकडे रस्त्यावरच्या पावलाची खूण, ती वाट बघणे. डावीकडे सूर्य ठेवला की वेळ, डावीकडे बोलणं ठेवलं की कविता. 'मोत्सु' आणि 'मात्सु', धरणे आणि वाट बघणे, दिसायलाही तसेच, म्हणायलाही तसेच, एकेकटी समोर आली की डोळा उजवीकडचं देऊळ बघून जो पहिला आठवेल तो शब्द ठोकून देतो. यावर उपाय म्हणजे दोन्ही एकाच कार्डावर शेजारी शेजारी ठेवायच्या आणि प्रश्न विचारायचा, यातली हातवाली कुठली? किंवा सरळ वाक्यात घालायच्या, सामान हातात धरलंय आणि बसची वाट बघतोय. वाक्यात आल्या की भांडण मिटतं. नुसती सुटी कांजी आणि खाली तिचे सगळे उच्चार अशी कार्डं तर बनवूच नका, तो वेळ वाया.

स्वतःची कार्डं बनवायला वेळ जातो ही तक्रार सगळे करतात आणि ती खरी आहे. कॉम्प्युटरवर असाल तर ब्राउझरमध्ये योमितान टाका (जुनं योमीचान २०२३ मध्ये थांबलं, त्याचाच हा पुढचा अवतार), शिफ्ट धरून जपानी शब्दावर माउस नेला की अर्थ दिसतो आणि एका क्लिकमध्ये वाक्यासकट कार्ड अंकीत जातं. याला अंकी वापरणारी मंडळी माइनिंग म्हणतात. सोय भारी आहे, पण एवढी सोपी की माणूस पाऊस पडल्यासारखी कार्डं जमवत सुटतो, आणि मागे परत ते इंग्रजी. मी म्हणेन क्लिक करा, पण रात्री एकदा बसून मागचं इंग्रजी खोडून आपल्या शब्दांत लिहा, ज्याचं मराठी सुचत नाही ते कार्ड उडवा. तेवढ्या खटपटीतच अर्धं पाठ होऊन जातं.

बाकीच्या अ‍ॅपबद्दल विचारणारच तुम्ही. एक फार गाजलेलं अ‍ॅप आहे, नाव घेत नाही, खेळासारखं, टाळ्या वाजवतं, एक दिवस चुकला की रडवेला चेहरा करतं. मी ते बरेच दिवस इमानेइतबारे केलं. त्याने रोज उघडायची सवय लावली हे मान्य, पण खाली दिलेले ठोकळे बघून वाक्य जुळवणं आणि काहीही समोर नसताना वाक्य आठवणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि प्रत्यय का बदलला हे विचारायला गेलं तर तिथे सांगायला कोणी नाही. अंकी टाळ्या वाजवत नाही. 'आजचं झालं' असं सांगतं आणि गप्प बसतं, मला ते आवडतं.

फोनवर घेताना जपून. अँड्रॉइडवर अंकीड्रॉइड घ्या, स्वयंसेवकांनी चालवलेलं आणि फुकट. आयफोनवरचं अधिकृत अ‍ॅप विकत आहे, एकदाच पैसे, त्या पैशांतून अंकीचं पुढचं काम चालतं. पण सारख्या नावाची नकली अ‍ॅप्स स्टोअरमध्ये भरपूर आहेत, लोगोही तसलेच, त्यातलं एखादं टाकलं की दर आठवड्याला पैसे मागत बसतं आणि तुमचे डेक बाहेर काढता येत नाहीत. खात्री नसेल तर अंकीच्या स्वतःच्या साइटवरून लिंक घ्या. कॉम्प्युटर आणि फोन जोडायला अंकीवेबचं फुकट खातं आहे. पहिल्यांदा जोडताना ते विचारतं, इकडचं तिकडे पाठवू की तिकडचं इकडे आणू, हे दोनदा वाचूनच दाबा, चुकलं तर भरलेल्या डेकवर रिकामा डेक बसतो.

परीक्षेसाठी उपयोग होतो का? जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेसाठी तर चांगलाच होतो, कारण ती परीक्षा पर्याय निवडायची आहे, सगळ्यात सोप्या एन५ पासून एन१ पर्यंत कुठल्याच लेव्हलला बोलणं नाही आणि लिहिणंही नाही. ओळखता आलं की काम भागतं, आणि ओळखायला शिकवणं हेच अंकीचं बलस्थान. एन५ ला १८० पैकी ८० लागतात (शिवाय प्रत्येक भागात किमान गुण वेगळे). पण 'एन३ चे संपूर्ण शब्द' असं छातीठोकपणे लिहिलेले डेक दिसले तर हसा आणि पुढे जा, कारण २०१० मध्ये परीक्षा बदलली तेव्हापासून घेणारे शब्दांची अधिकृत यादी काढतच नाहीत, ते सगळे अंदाज आहेत, काही बरे, काही पुरातन.

आणि जी परीक्षा बोलणं तपासत नाही तिची तयारी करून बोलता येईल ही आशा सोडा. एकट्याने शिकण्यातली सगळ्यात मोठी उणीव हीच, कान धरणारं कोणी नाही. जपानीत आवाजाचा चढउतार अर्थ बदलतो, 'आमे' वरून खाली आणला तर पाऊस, खालून वर नेला तर चघळायची गोळी, आणि आपल्या कानाला हे ऐकायची सवयच नाही. म्हणून आवाज नसलेलं कार्ड मी डेकमध्ये ठेवतच नाही, आणि आवाज माणसाचा हवा, मशीनचा नको. एक गोष्ट फार कमी लोक वापरतात: कॉम्प्युटरवरच्या अंकीत कार्ड समोर असताना शिफ्ट आणि व्ही दाबलं की तुमचा आवाज रेकॉर्ड होतो, मग नुसतं व्ही दाबलं की परत ऐकू येतो. आधी कार्डातला जपानी माणूस ऐका, मग स्वतःला ऐका. पहिल्या वेळी कानाला हात लावाल. पण 'आमे' दहा वेळा असं पाठोपाठ ऐकलं की आपला पाऊस सपाट पडतोय हे कोणी सांगायला लागत नाही, आणि मग तेच कार्ड गुड न दाबता अगेनमध्ये टाकायचं, अर्थ बरोबर आला असला तरी.